सर्वांत वरचा मजला कोणाचा?

१/१७
न्यूयॉर्कच्या सोहो वस्तीतील एखाद्या आलिशान पेंटहाऊस लॉफ्टची जाहिरात वाचून पाहा. उंच छत, लोखंडी खांब, मुद्दाम उघड्या ठेवलेल्या विटांच्या भिंती, गच्चीवर खासगी बाग, आणि किंमत काही दशलक्ष डॉलर. या सगळ्याच्या आधी एक विशेषण हटकून येते : 'ऐतिहासिक'. आजचा धागा त्या एका विशेषणाविषयी आहे. त्यात नेमका कोणाचा इतिहास मोजला जातो? #इतिहास #धागा

२/१७
आधी शब्द. 'लॉफ्ट'चे मूळ प्राचीन नॉर्स भाषेत आहे. हवा आणि घराची वरची खोली असे दोन्ही अर्थ त्या शब्दात होते. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द माळा. पण एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कमध्ये लॉफ्ट म्हणजे भिंतींनी न विभागलेला, गोदामासाठी वा कारखान्यासाठी बांधलेला सलग मजला. 'पेंटहाऊस' तर मुळात मुख्य इमारतीला टेकवलेली एकपाखी पडवी. दोन्ही शब्दांत श्रीमंतीचा मागमूस नव्हता.

३/१७
सोहोच्या प्रसिद्ध इमारती प्रामुख्याने १८५० नंतरच्या चार दशकांत उभ्या राहिल्या. त्यांचे दर्शनी भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. खांब, कमानी, नक्षी हे सगळे ओतशाळेत तयार होई. व्यापारी नमुन्यांच्या पुस्तकातून पसंती करी आणि सुटे भाग जागेवर आणून जोडले जात. वर दगडासारखा रंग. दगड कोणता आणि बीड कोणते हे ओळखायला आजही लोहचुंबक लावून पाहतात.

४/१७
बीडच का? लोखंडी खांब बारीक असूनही भार पेलतात. म्हणून खिडक्या मोठ्या करता आल्या आणि मजला मोकळा ठेवता आला. विजेच्या दिव्यांपूर्वीच्या काळात शिलाईच्या वा छपाईच्या कामाला दिवसाचा उजेड लागे. तळघरापर्यंत प्रकाश पोचावा म्हणून पदपथाच्या लोखंडी पत्र्यांतही काचेची भिंगे बसवली गेली. आज ज्या उजेडाची किंमत लावली जाते, तो उजेड मुळात कामासाठी होता.

५/१७
ब्रॉडवे आणि ब्रूम रस्त्यांच्या कोपऱ्यावर ई. व्ही. हॉवूट यांच्या काचसामानाच्या दुकानाची पाच मजली इमारत आहे. २३ मार्च १८५७ रोजी तेथे एलिशा ओटिस यांची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. व्यापारी इमारतीतील अशी ती पहिली यशस्वी लिफ्ट मानली जाते. जिने चढावे लागत तोवर वरचे मजले म्हणजे कमी भाड्याची जागा. हे गणित लिफ्टने पुढे उलटे केले. पेंटहाऊसची पूर्वपीठिका ही अशी याच वस्तीत आहे.

६/१७
पण उंचीची दुसरी बाजूही पाहायला हवी. २५ मार्च १९११. सोहोच्या किंचित उत्तरेला एका दहा मजली लॉफ्ट इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा कारखाना होता. आग लागली तेव्हा नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद होते. अग्निशमन दलाच्या शिड्या जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोचल्या. १४६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन स्थलांतरित तरुणी होत्या.

७/१७
कारखान्याचे मालक दहाव्या मजल्यावर होते. ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेले आणि वाचले. या आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या सुरक्षेचे कायदे मोठ्या प्रमाणावर बदलले. ती इमारत अजून उभी आहे आणि आज न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वापरात आहे. 'लॉफ्ट' या शब्दाच्या चरित्रातील हे पान जाहिरातीत कधीच येत नाही.

८/१७
दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योग शहराबाहेर जाऊ लागले. उरलेल्या कारखान्यांत वारंवार आगी लागत. अग्निशमन दलाने या भागाला 'नरकाचे शंभर एकर' असे नाव ठेवले. वस्ती पाडून टाकावी, असे अनेकांचे मत झाले. तेव्हा चेस्टर रॅपकिन या नियोजनतज्ज्ञाने तिचा अभ्यास केला आणि दाखवून दिले, की येथील लहान उद्योगांवर पोर्तो रिकन व कृष्णवर्णीय कामगारांचा मोठा रोजगार अवलंबून आहे.

९/१७
पाडापाडीचा सर्वांत मोठा प्रस्ताव रॉबर्ट मोझेस यांचा होता. मॅनहॅटनच्या दक्षिण भागाला आडवा छेदणारा द्रुतगती मार्ग. तो झाला असता तर आजचे सोहो उरलेच नसते. जेन जेकब्ज आणि स्थानिक रहिवाशांनी वर्षानुवर्षे विरोध केला. १९६८ मध्ये एका जाहीर सुनावणीत जेकब्ज यांना अटकही झाली. १९६९ मध्ये शहराने हा प्रकल्प सोडून दिला.

१०/१७
दरम्यान रिकाम्या लॉफ्टमध्ये कलावंत शिरले होते. भाडे कमी, जागा ऐसपैस, उजेड भरपूर. मात्र तेथे राहणे बेकायदा होते. आग लागली तर आत माणूस आहे हे जवानांना कळावे, म्हणून १९६१ नंतर दारावर 'ए. आय. आर.', म्हणजे 'आर्टिस्ट इन रेसिडेन्स', अशी पाटी लावली जाऊ लागली. १९६८ मध्ये शिल्पकार डोनाल्ड जड यांनी स्प्रिंग स्ट्रीटवरची पाच मजली अख्खी इमारत ६८,००० डॉलरला विकत घेतली.

११/१७
पुढे दोन निर्णय झाले. १९७१ मध्ये शहराने प्रमाणित कलावंतांना लॉफ्टमध्ये राहून काम करण्याची मुभा दिली. १९७३ मध्ये सुमारे पाचशे इमारतींचा हा परिसर वारसा-क्षेत्र म्हणून घोषित झाला. पहिल्या निर्णयाचा विषय माणूस होता, दुसऱ्याचा विषय बीड. दोहोंपैकी कोणता अधिक टिकला, हे सोहोच्या रस्त्यावर फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही.

१२/१७
वारसा-क्षेत्र झाल्याने इमारती सुरक्षित झाल्या, आणि सुरक्षित वस्तूला भाव येतो. कलादालने आली, त्यांच्यामागून उंची कपड्यांची दुकाने आली, मग गुंतवणूकदार. समाजशास्त्रज्ञ शेरॉन झुकिन यांनी 'लॉफ्ट लिव्हिंग' या ग्रंथात १९८२ मध्येच ही प्रक्रिया मांडली. कलावंताची राहणी हीच विकण्याची वस्तू झाली आणि ती विकली जाताच बहुतेक कलावंतांना ती परवडेनाशी झाली.

१३/१७
माझे म्हणणे येथून सुरू होते. वारसा-कायद्याची नजर दर्शनी भागावर असते. गच्चीवर नवे पेंटहाऊस बांधायचे असेल तर ते रस्त्यावरून शक्यतो दिसू नये, एवढी काळजी घेतली जाते. म्हणजे खालून पाहणाऱ्याला १८७० सालचे दृश्य मिळते आणि वर राहणाऱ्याला आजचे ऐश्वर्य. इमारत तीच राहते, पण जिच्यामुळे ती तशी बांधली गेली ती रीत आणि ती माणसे हिशेबातून गळतात. याला मी अर्धे जतन म्हणेन.

१४/१७
यावर एक रास्त आक्षेप आहे. जुन्या इमारतींची देखभाल महाग असते. धनिक आले नसते तर बीड गंजून गेले असते. उद्योग तर कायद्याने थांबणार नव्हतेच. हे मला मान्य आहे. सोहोला शिवणयंत्रांचे संग्रहालय करून ठेवा, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की इमारत वाचवण्याची किंमत प्रत्येक वेळी तेथे आधीपासून असलेल्यांनीच का मोजावी?

१५/१७
आणि दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने लॉफ्ट कायदा केला. बेकायदा रूपांतरित लॉफ्टमध्ये राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले आणि इमारती राहण्यायोग्य करण्याची जबाबदारी मालकांवर आली. अपुरा का होईना, पण कायदा माणसाकडे पाहू शकतो याचा हा पुरावा. त्या कायद्याच्या आधारावर कित्येक वृद्ध कलावंत त्याच घरांत राहू शकले.

१६/१७
१९८२ हे साल मराठी वाचकाच्या कानावर पडले की गिरणगाव आठवणारच. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे जाणार होता. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. सोहोत निदान इमारती राहिल्या. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मागे उरली ती फक्त चिमणी.

१७/१७
तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी असाल वा नुसते प्रेमी, पुढच्या वेळी 'ऐतिहासिक परिसरातील आलिशान घर' असे वाचाल तेव्हा खांबाचे साल जरूर शोधा. पण तेथे पाळीला कोण येत असे, किती भाडे देत असे आणि कोणत्या वर्षी, कोणत्या नियमाने निघून गेले, हेही शोधा. ही माहिती गॅझेटात, न्यायालयीन निकालांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत सापडते. त्यांतली आठवणींची माहिती सर्वांत आधी संपते, म्हणून सुरुवात तेथून करावी.