गोडवा गाण्याचा की डब्याचा?

आपल्या मंडळींच्या घरांत जुने प्रीअँप पुन्हा मानाने दिवाणखान्यात यायला लागले आहेत. कुणी डायनाकोचा पीएएस-३ गराज सेलमधून उचललेला असतो, कुणाकडे मॅकिन्टॉशचा सी-२२ असतो, तर कुणी इंग्लंडहून क्वाड ३३ मागवलेला असतो. रेकॉर्ड लावली की यजमान हमखास म्हणतात, "ऐका, काय गोडवा आहे! आजच्या मशीनला हे जमायचं नाही." पाहुणेही मान डोलावतात. तो गोडवा गाण्याचा आहे की मधल्या डब्याचा, हे मात्र कुणीच विचारत नाही.

ते विचारायला हवं, आणि उत्तर मोजून काढायला हवं, एवढंच मला तुम्हांला सांगायचं आहे. हे मोजमाप आता घरच्या टेबलावर होतं. आणि तुम्ही त्या प्रीअँपमधून घरातल्या रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवून घेणार असाल, तर मोजल्याशिवाय सुरुवातच करू नका.

आधी प्रीअँप काय करतो ते पाहू. टर्नटेबलच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा असतो. प्रीअँप तो सुमारे शंभरपट वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम जास्त ठेवलेले असतात. हा हिशेब उलटा करायचं कामही त्याचंच. १९५४ पासून रुळलेल्या आरआयएए वक्रानुसार २० हर्ट्झचा सूर २०,००० हर्ट्झच्या सुरापेक्षा जवळजवळ नव्वदपट अधिक वाढवावा लागतो. एवढी उचल पन्नास-साठ वर्षांच्या ट्यूब आणि कपॅसिटर करत आहेत, हे ध्यानात असू द्या.

आता डिस्टॉर्शन म्हणजे काय? आपल्याला ते समजायला पुस्तक लागत नाही, तंबोरा पुरतो. खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप गांधार ऐकू येतो. स्वयंभू गांधार म्हणतात तो हाच, मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा. दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम. तंबोऱ्याला हे शोभतं, कारण कारागिराने जवारी त्यासाठीच लावलेली असते. प्रीअँपमध्ये मात्र आपण एकच शुद्ध सूर आत पाठवला आणि बाहेर त्याच्याबरोबर वरचा षड्ज, पंचम, गांधार आले, तर ती त्याने पदरची घातलेली भर आहे. ही भर मूळ सुराच्या किती टक्के, तो आकडा म्हणजे हार्मोनिक डिस्टॉर्शन.

ट्यूबच्या प्रीअँपचा आवाज 'गोड' वाटण्याचं एक कारण इथेच आहे. साध्या ट्यूब सर्किटमध्ये प्रामुख्याने दुप्पट कंपनांचा सूर मिसळतो, आणि तो षड्जच असल्यामुळे कानाला खटकत नाही. पण गाण्यात एकच सूर नसतो. २४० हर्ट्झचा षड्ज तंबोऱ्यावर चालू आहे आणि गायिकेने २७० वर शुद्ध रिषभ लावला आहे, असं समजा. षड्जाला षड्ज जोडणारा तोच दोष या दोन सुरांची बेरीजही करतो, ५१० हर्ट्झ. तार सप्तकातला कोमल रिषभ असतो ५१२ वर. म्हणजे भूप चालू असताना मागून कुणीतरी हळूच कोमल रिषभ लावतंय! भर अगदी थोडी असेल तर तो ऐकू येणार नाही. जास्त असेल तर आवाज 'जाड', 'भरलेला' वाटतो, आणि आपण त्यालाच जुन्या काळाचा गोडवा म्हणतो.

घरी मोजण्याला या देशात चांगली परंपरा आहे. १९३९ साली पालो आल्टोमधल्या एका गराजमध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघांनी कंपनी काढली. त्यांचं पहिलं उत्पादन म्हणजे असा शुद्ध सूर काढणारा ऑसिलेटर, आणि सूर स्थिर ठेवण्यासाठी त्यात वापरला होता एक साधा विजेचा दिवा. डिस्नेने 'फँटेशिया' चित्रपटासाठी त्यांच्याकडून असे आठ ऑसिलेटर घेतले. आज तेच काम आपला लॅपटॉप, एक बऱ्यापैकी ऑडिओ इंटरफेस आणि 'आरईडब्ल्यू'सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर करतं.

पद्धत थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा प्रीअँप बाजूला ठेवा आणि इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडा. जो आकडा येईल तो तुमच्या मापट्टीचा स्वतःचा दोष. तो ०.००३ टक्के आला, तर त्याच्याखालचं काहीही तुम्हांला दिसणार नाही. मग प्रीअँप मध्ये घाला. लेव्हल ठरवताना १०० हर्ट्झचा सूर वापरा, कारण स्वस्तातल्या मल्टिमीटरला १,००० हर्ट्झ नीट मोजता येतोच असं नाही. ऑक्स इनपुटला अर्धा, एक आणि दोन व्होल्ट देऊन पाहा. फोनो इनपुटला इतकं द्यायचं नाही. १० किलोओहम आणि १०० ओहम अशा दोन रेझिस्टरांनी सिग्नल शंभरावा हिस्सा करून अर्ध्या व्होल्टाचे पाच मिलिव्होल्ट करून घ्या. बाहेरचा सिग्नल 'टेप आउट'मधून घ्या. तो बहुतेक प्रीअँपमध्ये व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांच्या आधीच निघतो.

तीन गोष्टी सांभाळा. ट्यूबच्या टेप आउटला जड भार सोसत नाही, त्यामुळे इंटरफेसचं लाइन इनपुट जोडल्यावर खर्ज कमी आणि डिस्टॉर्शन जास्त दिसू शकतं. गिटारसाठीचं इनपुट सहसा हलकं असतं, ते वापरा आणि मापट्टीची चाचणीही त्याच इनपुटवर घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नाहीतर जमिनीच्या तारेतून येणारी ६० हर्ट्झची गुणगुण प्रीअँपच्या नावावर लागेल. आणि झाकण उघडू नका. आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज असू शकते, आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये राहते. आपलं हे सगळं मोजमाप बाहेरून होतं.

आता आकडे वाचायचे कसे? पडद्यावर मूळ सुरापेक्षा ४० डेसिबल खाली म्हणजे एक टक्का, ६० खाली म्हणजे ०.१, ८० खाली म्हणजे ०.०१. रेकॉर्ड उतरवून घेण्यासाठी नेहमीच्या लेव्हलला ०.१ टक्क्याच्या आत असलेला प्रीअँप मला चालतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डावी आणि उजवी बाजू. दोन्हीकडे सारखंच सर्किट असताना एकीकडे ०.०८ आणि दुसरीकडे ०.९ आलं, तर तो गोडवा नव्हे, तो आजार आहे. बहुधा एखादी ट्यूब थकली आहे किंवा कपॅसिटर गळतोय.

"पण संगीत आकड्यांत मावतं का?" हा आक्षेप मला माहीत आहे आणि त्यात तथ्यही आहे. एका आकड्यावर जाऊ नका, असं मीही म्हणेन. दुप्पट कंपनांचा ०.३ टक्के सूर सहज खपून जाईल, पण सातव्या-नवव्या पटीचा ०.०५ टक्के कानाला बोचू शकेल. म्हणून टक्केवारीबरोबर पडद्यावरचा आलेखही पाहा. "कान हीच खरी परीक्षा" हे मात्र मला मान्य नाही. आपला कान प्रेमळ आहे. वडिलांच्या रेकॉर्डमध्ये तो दोष शोधायला बसत नाही, आणि त्याने शोधूही नये. म्हणूनच ते काम यंत्राला द्यावं.

पैशाचा विचार केला तरी मोजणंच परवडतं. विकणारा सांगतो, "सगळे कपॅसिटर बदललेत." ठीक आहे, पण बदलण्याआधीचं आणि नंतरचं माप कुठे आहे? पीएएस-३ तर किट म्हणूनही विकला जायचा. त्यातले कित्येक मालकांनी स्वतःच्या हाताने डाग देऊन जोडलेले आहेत, त्यामुळे माहितीपत्रकातला आकडा तुमच्या डब्याला लागू असेलच असं नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडेही दोन्ही मापं मागा. जो देईल त्याला दोन पैसे जास्त द्या.

मंडळाच्या अंकात हा विषय का, असं तुम्हांला वाटेल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सामानातून जपून आणलेल्या नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या, अभंगांच्या रेकॉर्ड आहेत. त्या सगळ्याच पुन्हा निघालेल्या नाहीत. प्रत्येक वेळी सुई फिरली की त्या थोड्या झिजतात, म्हणून उतरवून घेण्याचं काम एकदाच आणि नीट व्हायला हवं. (७८ आरपीएमच्या तबकड्यांना आरआयएए वक्र चालत नाही, त्यांचा हिशेब निराळा.) बिघडलेल्या प्रीअँपमधून उतरवलेल्या गाण्यात मिसळलेला सूर नंतर कुणालाही वेगळा काढता येत नाही. आपल्याला निदान मूळ आवाज आठवतो. आपल्या नातवंडांना फाइलच मिळणार आहे, आणि गायकाचा आवाज असाच होता अशी त्यांची समजूत होणार आहे.

इथे वाढलेल्या मुलामुलींना एक विनंती. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर तुमच्या हातचा मळ आहे. कोणती रेकॉर्ड आधी उतरवायची, त्या सुईखाली कोण गातंय, हे आई-बाबांना किंवा आजीला ठाऊक आहे. दिवाळीच्या सुट्टीतली एक दुपार दोघांनी मिळून द्या. प्रीअँप अर्धा तास तापू द्या, दोन्ही बाजू मोजा, आणि तारीख घालून आकडे एका कागदावर लिहून तो प्रीअँपच्या तळाशी चिकटवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजाल तेव्हा ताडून पाहता येईल. आकडे चांगले आले तर त्याच संध्याकाळी पहिली रेकॉर्ड उतरवायला घ्या.