मेंदूला मार लागल्यानंतरचा दिवस

हात मोडला की प्लॅस्टर दिसतं. लोक दार उघडून देतात, पिशवी उचलतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाचे टाके सुकले, केस पुन्हा वाढले की बाहेरून काहीच दिसत नाही. मग घरात एक वाक्य सुरू होतं, "आता तर बरा दिसतोस, मग आंघोळीला उठायला दहा वेळा का सांगावं लागतं?"

तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल, तर आजचं हे पान तुमच्यासाठी आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉ. जी. गुरुराज यांनी भारतातल्या मेंदूच्या दुखापतींबद्दल लिहिलं आहे. त्यानुसार सुमारे ६० टक्के दुखापती रस्त्यावरच्या अपघातांतून होतात आणि २० ते २५ टक्के पडण्यातून. म्हणजे दुचाकीवरचा तरुण मुलगा आणि बाथरूममध्ये घसरलेले आजोबा, दोघांवरही ही वेळ येऊ शकते.

आळस नव्हे, दुखापत

कपाळामागचा मेंदूचा भाग कामाचा क्रम लावतो आणि मुख्य म्हणजे कामाला सुरुवात करून देतो. तिथे इजा झाली की माणसाला काय करायचं ते ठाऊक असतं, पण उठून ते करणं जमत नाही. थोड्याशा कामानेही मेंदू थकतो. कुकरची शिट्टी, टीव्ही आणि दोन माणसांचं बोलणं एकत्र आलं की सहन होत नाही, चिडचिड होते. याला आळस किंवा हट्ट म्हटलं की माणूस आतून खचतो.

म्हणून दिनचर्या हवी. आपल्यासाठी ती शिस्त असते, पण या माणसासाठी ती हातातली काठी आहे. "आता पुढे काय?" हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा सोडवण्यात जी शक्ती जाते, ती ठरलेल्या क्रमामुळे वाचते. शिवाय सवयी मेंदूच्या वेगळ्या भागांत मुरतात. काल काय झालं हे न आठवणाराही रोज त्याच क्रमाने केलेलं काम हळूहळू शिकू शकतो.

परातभर कडधान्य

होसूर रोडवरची निम्हान्स ही संस्था १९७४ मध्ये सध्याच्या रूपात उभी राहिली. मेंदूची शस्त्रक्रिया, मानसोपचार आणि पुनर्वसन तिथे एकाच आवारात चालतं. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी लक्ष आणि स्मरण सुधारण्यासाठी जे सराव वापरले, त्यातला एक आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे : धान्य निवडणं. दोन-तीन प्रकारचे दाणे एकत्र करायचे, ते वेगळे करायला द्यायचे, किती वेळ लागला आणि किती चुका झाल्या ते लिहून ठेवायचं. जमू लागलं की दाण्यांचे प्रकार वाढवायचे.

ऐकायला सोपं वाटतं, पण काल-परवापर्यंत ऑफिसात टीम सांभाळणारा माणूस म्हणेल, "मी आता मूग-चवळी निवडत बसू?" त्याचा हा राग खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. हा लक्षाचा व्यायाम आहे हे त्याला समजावून सांगा आणि वहीतले आकडे दाखवा. वेळ कमी होताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की कुणी शाबासकी द्यावी लागत नाही. कोणता सराव किती करायचा, हे मात्र तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या.

दिवस असा बांधा

उठण्याची, जेवणाची आणि झोपण्याची वेळ रविवारीही तीच ठेवा.

फ्रिजजवळ पांढरा फळा लावा. त्यावर फक्त आजचीच कामं लिहा, झालेलं काम त्यालाच खोडू द्या. बाहेर कन्नड-इंग्रजी कितीही बोलत असाल, यादी त्याला पटकन वाचता येते त्याच भाषेत लिहा.

किल्ली, चष्मा, मोबाइल यांच्या जागा कायमच्या ठरवा. गोळ्यांसाठी वारांच्या खणांची डबी आणि मोबाइलचा गजर वापरा. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

अवघड काम सकाळी घ्या. थकल्यावर विश्रांती घेण्यापेक्षा थकण्याआधीच घेणं चांगलं.

"आठव बघू!" असं म्हणून परीक्षा घेऊ नका. ज्यांची स्मृती अधू झाली आहे, त्यांच्या डोक्यात चुकीचा अंदाजच पक्का बसू शकतो. बरोबर उत्तर सरळ सांगा.

आणि प्रेमापोटी सगळं तुम्हीच करू नका. शर्टाची बटणं लावायला त्याला दहा मिनिटं लागत असतील, तर दहा मिनिटं आधी उठवा.

गेजची घोडागाडी

१८४८ मध्ये अमेरिकेत फिनियस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव बदलला, जुनं काम सुटलं. त्याची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. पुढे तो चिली देशात गेला आणि काही वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. पहाटे उठणं, घोडे जुंपणं, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ. मानसशास्त्राचे अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांचं मत असं, की या बांधलेल्या दिवसानेच त्याला बरंच सावरलं असावं.

सगळं पूर्वीसारखं होईलच असं नाही. अपस्माराने गेज १८६० मध्ये गेला. पण मधली वर्षं तो स्वतःच्या हाताने कमावून जगला.

डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, फिट आली किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर दिनचर्या बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा. वाहन चालवणं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

आणि सांभाळणाऱ्यांनो, तुमचंही नाव त्या फळ्यावर येऊ द्या. दिवसातला अर्धा तास फक्त तुमचा असू द्या. अगदीच असह्य झालं तर १४४१६ हा 'टेली मानस'चा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

आज रात्री फळा लावा. उद्यासाठी तीनच कामं लिहा, आणि त्यातलं पहिलं काय असावं ते त्यालाच विचारा.