अजिंक्य पात्र आणि टेबलाभोवतीचे बाकीचे तिघे

सुटीत चार मुले एकत्र जमली की पत्ते, कॅरम आणि ‘नवा व्यापार’ यांच्या जोडीला अलीकडे काही घरांत आणखी एक खेळ दिसतो. टेबलावर कागद, पेन्सिली, खोडरबर आणि चित्रविचित्र आकारांचे फासे पडलेले असतात. एक जण पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गोष्ट सांगत असतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने ‘मी दार ढकलतो’, ‘मी मागेच थांबते’ असे म्हणत असतात. खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे ते आपल्याकडच्या मुलांच्याही कानावर गेले. गोष्ट सांगणाऱ्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात. आपण त्याला सूत्रधार म्हणू. या खेळात एकाने जिंकायचे आणि दुसऱ्याने हरायचे असे नसते. सगळ्यांनी मिळून एक साहस पार पाडायचे असते. आणि तरीही या खेळावरून मित्रामित्रांत अबोला धरला जातो! त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे एकाने बनवून आणलेले अजिंक्य पात्र. आज त्याविषयीच लिहायचे आहे.

अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आणला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिल्या छपाईच्या प्रती फक्त एक हजार. तेव्हा पात्र घडवायला नशीबच लागे. शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर पडणारी छाप अशा सहा क्षमता. प्रत्येकीसाठी तीन फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल ती मुकाट्याने लिहून घ्यायची. तिन्ही फाशांवर सहा पडून अठरा येण्याची शक्यता २१६ त एक. मनुष्यस्वभावाला हे किती दिवस रुचणार? सूत्रधारासाठी १९७९ मध्ये निघालेल्या पुस्तकात चार फासे टाकून त्यांतला सर्वांत लहान आकडा सोडून देण्याची मुभा आली, आणि अठराची शक्यता जवळपास ६२ त एक झाली. १९८५ च्या एका पूरक पुस्तकातील पद्धतीने तर सर्वांत महत्त्वाच्या क्षमतेसाठी चक्क नऊ फासे टाकून त्यांतले उत्तम तीन निवडता येत.

पुढे नशिबाच्या जोडीला हिशेब आला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ज्यांना फासे नको असतील त्यांच्यासाठी २७ गुणांची थैली आहे. प्रत्येक क्षमता आठपासून सुरू होते आणि थैलीतले गुण खर्चून पंधरापर्यंत नेता येते. पंधरासाठी नऊ गुण पडतात. नऊ त्रिक सत्तावीस! चतुर मूल लगेच तीन क्षमता पंधरावर नेते आणि उरलेल्या तीन आठवरच सोडून देते. कुऱ्हाड चालवणाऱ्याला बुद्धी कशाला हवी, असा त्याचा सवाल असतो. नियमाप्रमाणे त्याचे काहीही चुकलेले नसते.

हे पालकांनी आधी नीट समजून घ्यावे. असे पात्र बनवणारे मूल लबाडी करत नाही. फासा हळूच उलटा करणे ही लबाडी झाली. हे मूल शेकडो पानांची इंग्रजी पुस्तके वाचते, एका पुस्तकातले कलम दुसऱ्यातल्या कलमाशी जोडते आणि दोन्ही लिहिणाऱ्यांच्या मनात नव्हते ते बाहेर काढते. आपल्याला हा प्रकार नवा नाही. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, अशी कलमवार मागणी करणारा हिरण्यकश्यपू या मुलांचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की त्याला तप करावे लागले. इथे रविवारची दुपार पुरते.

या कलेचे शुद्ध विनोदी नमुनेही आहेत, आणि ते मला मनापासून आवडतात. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात कुणीतरी ‘पुन-पुन’ नावाचे पात्र कागदावर उभे केले. ते जातीने कोबोल्ड, म्हणजे या खेळातला अगदी किरकोळ, खवलेवाला बुटका प्राणी. २००४ च्या एका पुस्तकात एक प्राचीन सर्पवंश आहे. त्याला खवलेवाल्या प्राण्यांच्या शरीरात हवे ते बदल करता येतात. त्या एका वाक्याला धरून हा कोबोल्ड अमर्याद शक्तीचा, देवांच्या बरोबरीचा होऊन बसतो. दुसरा नमुना शेतकऱ्यांच्या रांगेचा. खेळात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते आणि त्या अवधीत प्रत्येकाला हातातली वस्तू शेजाऱ्याला देता येते. मग पाच-पाच फुटांवर एक हजार शेतकरी उभे करा आणि एक काठी या टोकाकडून त्या टोकाला पोहोचवा. सहा सेकंदांत पाच हजार फूट, म्हणजे ताशी नऊशे किलोमीटरहून अधिक वेग! शेवटच्या शेतकऱ्याने ती सोडली की किल्ल्याची भिंत फुटलीच पाहिजे, असा दावा. गंमत पाहा, काठी पुढे सरकवताना हा गडी खेळाचा नियम धरतो आणि भिंत फोडताना तो सोडून शाळेतले भौतिकशास्त्र धरतो. खेळाच्या नियमात फेकलेल्या काठीचा मार काठीइतकाच असतो, वेगाचा तिथे संबंध नाही. सूत्रधारासाठीच्या २०२४ च्या पुस्तकात खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, असे स्पष्ट बजावण्याची वेळ आली ती अशा युक्तिवादांमुळेच.

पण पुन-पुन किंवा शेतकऱ्यांची रांग कोणी खरोखर खेळायला घेत नाही. अबोला त्यांच्यामुळे होत नाही. तो होतो त्याहून पुष्कळ साध्या गोष्टींमुळे.

२००३ मध्ये सुधारून आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचे उदाहरण घेऊ. ती आजही हौसेने खेळली जाते. चार मुले खेळत आहेत आणि सगळ्यांची पात्रे आठव्या पायरीवर आहेत. एकाने योद्धा घेतला आहे. त्याच्याकडे तलवार आहे, चिलखत आहे आणि काही शिकून घेतलेले डावपेच आहेत. दुसरीने ड्रुइड, म्हणजे निसर्गाची उपासना करणारी मांत्रिक घेतली आहे. आठव्या पायरीला ड्रुइडला अस्वलाचे रूप घेता येते. तिच्या सोबतीला पाळीव जनावर असते. तेही एव्हाना अस्वल असू शकते. शिवाय एक ठरावीक कौशल्य निवडले असेल तर अस्वलाच्या रूपातही तिला मंत्र टाकता येतात. म्हणजे एका मुलीच्या हाती दोन अस्वले आणि वर मंत्र, आणि दुसऱ्याच्या हाती एक तलवार. त्या मुलीने कुठलीही पळवाट शोधलेली नाही. पुस्तकात समोर दिसेल ते घेतले, एवढेच. योद्धा घेणाऱ्या मुलाचेही काही चुकले नाही. त्याला तलवारबाज व्हायचे होते.

आता सूत्रधाराच्या जागी बसून पाहा. दोन अस्वलांपुढे साधे राक्षस टिकत नाहीत, एका फेरीत लढाई आटोपते. म्हणून तो पुढच्या वेळी मोठा राक्षस आणतो. पण अस्वलाला भारी पडेल असा राक्षस योद्ध्याला दोन फटक्यांत आडवा करतो. राक्षस लहान ठेवावा तर ड्रुइडला कंटाळा, मोठा करावा तर योद्ध्याचा बळी. मधला आकडा अस्तित्वातच नसतो. बिचारा सूत्रधार रात्र जागून हिशेब मांडतो आणि तरी प्रत्येक रविवारी कोणीतरी खट्टू होऊन घरी जाते. बहुधा तो योद्धाच. त्याची पाळी आली की तो फासा टाकतो, काहीतरी होते किंवा होत नाही, आणि मग वीस मिनिटे तो दुसऱ्याच्या अस्वलांचा पराक्रम बघत बसतो. दोन-तीन रविवारांनंतर त्याला ‘अभ्यास आहे’ असे आठवू लागते. घरच्यांना वाटते, चला, खूळ उतरले. त्याच्या मनात नेमके काय सलते आहे हे त्यालाही सांगता येत नाही, कारण तक्रार करावी असे कोणी काही केलेलेच नसते.

मग दोष कुणाचा? याचे उत्तर देताना मी मुलांवर शेवटी येईन. तिसऱ्या आवृत्तीच्या तीन रचनाकारांपैकी एक माँटी कुक यांनी पुढे स्वतःच लिहिले, की नियमांवर मेहनतीने प्रभुत्व मिळवणाऱ्याला फळ मिळावे अशी योजना त्यांनी जाणूनबुजून केली होती. काही पर्याय ठरावीक प्रसंगीच उपयोगाचे होते, आणि कोणता कधी घ्यावा हे पुस्तकात सांगितले नव्हते. ज्याचे त्याने शोधावे. कुक यांनी उदाहरण दिले ते ‘टफनेस’ नावाच्या कौशल्याचे. त्याने पात्राचे प्राणबळ फक्त तीनाने वाढते. एकाच दिवसाच्या खेळात पहिल्या पायरीवरच्या दुबळ्या जादूगाराला ते ठीक. वर्षभर चालणाऱ्या खेळात योद्ध्याने ते घेतले तर फुकट गेले. ते कधी घ्यावे हे सांगायला हवे होते, असेही त्यांनी मोकळेपणाने म्हटले. पुस्तकातच ज्याच्यासाठी खड्डे राखले होते, त्या मुलाला ‘तुला नीट खेळता येत नाही’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कधी सूत्रधारच उदार हाताने जादूच्या तलवारी वाटत सुटतो. अमेरिकेत अशा खेळाला ‘माँटी हॉल’ खेळ म्हणतात. दूरदर्शनवर बक्षिसे वाटणाऱ्या एका प्रसिद्ध सूत्रसंचालकाच्या नावावरची ती कोटी आहे.

अजिंक्य पात्राला धडा शिकवायचा मोह सूत्रधाराला होतो. खुद्द गायगॅक्स यांनाही तो झाला. आपली पात्रे कशालाही हार जाणार नाहीत अशी फुशारकी मारणाऱ्या खेळाडूंसाठी त्यांनी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस रचले. १९७५ मध्ये बाल्टिमोरच्या ओरिजिन्स संमेलनात ते खेळले गेले आणि १९७८ मध्ये छापून आले. त्या थडग्यात एका भिंतीवर दैत्याचा हिरवा चेहरा कोरलेला आहे, जबडा उघडा, आत मिट्ट काळोख. जो आत शिरेल तो नाहीसा, मग त्याची शक्ती आठ असो की अठरा. संमेलनात हे शोभून दिसते. घरच्या टेबलावर मात्र सूत्रधार आणि एक खेळाडू यांची अशी कुस्ती सुरू झाली की बाकीचे तिघे निव्वळ प्रेक्षक होतात. नृसिंहाने उंबरठ्यावर, संध्याकाळी, नखांनी हिरण्यकश्यपूची कलमे निकालात काढली खरी. पण तिथे सोबत खेळायला बसलेले मित्र नव्हते.

१९८७ चा ‘आर्स मॅजिका’ हा खेळ मला अधिक शहाणा वाटतो. जोनाथन ट्वीट आणि मार्क रेन-हेगन यांच्या या खेळात मांत्रिक उघड-उघड सर्वांहून बलवान असतात; बरोबरीचा आव मुळीच आणलेला नाही. मात्र प्रत्येक खेळाडूजवळ मांत्रिकाखेरीज एक साथीदारही असतो, शिवाय सर्वांत मिळून साधे शिपाई असतात, आणि कोणी कधी काय व्हायचे ते आळीपाळीने ठरते. आज मांत्रिक असलेला पुढच्या वेळी भाला धरून दारावर उभा असतो. नवल म्हणजे याच ट्वीट यांनी पुढे माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांच्यासह ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती घडवली.

सगळ्यांनाच नवा खेळ घेता येत नाही, आणि घ्यायची गरजही नाही. पात्रे घरून बनवून आणण्याऐवजी पहिल्या दिवशी एकत्र बसून बनवली तर पुष्कळसे काम होते. कुणाला कशात पुढे असायचे आहे हे सगळ्यांसमोर ठरते, आणि ज्याने पुस्तके पालथी घातली आहेत त्याला आपली विद्या दाखवायला जागा मिळते: योद्ध्याला कोणते डावपेच घेऊ नयेत हे त्याच्याइतके चांगले कोण सांगणार? ते दोन अस्वलांचे पात्रही मोडायचे कारण नाही. ड्रुइडच्या मंत्रांत बैलाचे बळ देणारा एक मंत्र आहे. तो स्वतःवर न टाकता योद्ध्यावर टाकला तर त्याची शक्ती चाराने वाढते, म्हणजे नेम साधताना दोन अधिक आणि बसलेल्या घावाला निदान दोन अधिक. आठव्या पायरीवर तो आठ मिनिटे टिकतो. लढाईच्या फेऱ्या मोजल्या तर ऐंशी. टाकायला लागते एक पाळी.