वाळकेश्वरचा तरा

"काकाजी, समुद्र रोजच दिसेल. आज तुम्हाला तरा दाखवते," पुतणी म्हणाली, आणि मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा मला घरचा शब्द ऐकू आला. आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो. डोळ्याचा डोरा, तळ्याचा तरा. पोरगी सहा वर्षांपासून इथल्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. फोनवर तिची भाषा बदलली अशी तिच्या आईची तक्रार असते. पण तळ्याला ती अजून तराच म्हणते, याचं मला फार बरं वाटलं.

रोवणी आटोपली, निंदण झालं, हलकं धान निसवायला लागलं की दहा-पंधरा दिवस सवड मिळते. त्या सवडीत मी तुमसर रोडला विदर्भ एक्सप्रेस धरली. निघायच्या आदल्या दिवशी मोठीमायच्या पाया पडायला गेलो होतो. तिचं वय ऐंशीच्या पुढे. सगळं आयुष्य मोहाडी, चौंडेश्वरीचं नवरात्र, गायमुखची जत्रा आणि फार तर रामटेक एवढ्या टापूत गेलं. समुद्र तिने पाहिलेला नाही. तिने मला विचारलं, "समुंदराचं पानी खारट रायते म्हन्तेत. मंग तेथचे लोक पेतेत काय?" मी म्हटलं, नळाचं. ती म्हणाली, "अन् ते कोठून येते?" मला नीट सांगता आलं नाही. ज्या बाईने जन्मभर पाणी डोक्यावरून वाहिलं, तिला "नळाचं" हे उत्तर पुरत नाही, आणि पुरूही नये.

तर मुंबईत तीन बत्तीला आम्ही उतरलो. मलबार हिल आम्हाला माहीत असते ती बातम्यांतून, मंत्र्यांचे बंगले आणि राज्यपालांचं निवासस्थान यांच्यामुळे. इमारतींचे माथे पाहायला मान पार मागे न्यावी लागते. पुतणी एका गल्लीत वळली, उतरण लागली, मग दगडी पायऱ्या लागल्या, आणि वीस-पंचवीस पावलांत वरची मुंबई ऐकू येईनाशी झाली. दोन्ही बाजूंना जुनी बैठी घरं, धर्मशाळा, लहान-मोठी देवळं, ओट्यावर फुलवाली, दगडी दीपस्तंभ. आणि त्यांच्या मधोमध, चारही बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, हिरवट पाण्याचा लांबोडा चौकोन. हीच बाणगंगा. पाण्यात बदकं होती, मधोमध एक खांब होता, आणि वरच्या पायरीवरून दोन पोरं सूर मारत होती.

सवयीने माझी नजर पाळ शोधू लागली. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. आमच्याकडे तलाव म्हटला की आधी पाळ, मग तिच्यातलं तुडूम, ज्याचं बूच काढलं की पाटाने पाणी बांध्यांत उतरतं, आणि एका कडेला जास्तीचं पाणी सोडणारा सांडवा. इथे पाळ दिसेना. पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, हे मी पुतणीला विचारलं. तिने समोर टेकडीकडे बोट दाखवलं, मग मागे वळून समुद्राकडे. पावसाळ्यात टेकडीवर पडलेलं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत खाली येतं आणि या खोलगटीत झऱ्यांनी वर निघतं. जास्तीचं समुद्राला मिळतं. समुद्र तरी किती लांब? मधे एक वस्ती आणि स्मशानभूमी, बस. तरी हे पाणी गोडं आहे. वरून झिरपणाऱ्या गोड्या पाण्याचा रेटा आतून कायम असतो, म्हणून खारं पाणी आत शिरत नाही. टेकडी जोवर पाऊस पिते आहे, तोवर हा तरा जिवंत.

म्हणूनच वरच्या टॉवरांकडे पाहून माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या उंचीची इमारत उभी करायची तर पाया किती खोल न्यावा लागत असेल! झऱ्याची वाट कुठल्या भेगेतून येते, हे खोदणाऱ्याला वरून कसं कळणार? वस्तीतल्या लोकांना ही भीती आहे, आणि ती मला खरी वाटते. आमच्याकडे बोअरवेल वाढल्या तेव्हा भरलेल्या विहिरी कशा एकेक करून बसल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या पाण्याची कथा अशी सांगतात. सीतेच्या शोधात निघालेला राम इथे थांबला. पूजेसाठी लक्ष्मण काशीहून लिंग आणायचा, त्याला उशीर झाला, तेव्हा रामाने वाळूचंच लिंग केलं. तो वालुकेश्वर, आपला वाळकेश्वर. तहान लागली, भोवती सगळं खारं, म्हणून त्याने बाण मारला आणि गंगा वर आली. मधला खांब ती बाणाची जागा दाखवतो म्हणतात. आमच्या रामटेकच्या टेकडीवर मुक्काम केलेला हाच राम. आठशे किलोमीटरवर आल्यावर तो पुन्हा टेकडीवर, पुन्हा पाण्याजवळ भेटला, आणि मी हात जोडले.

तलावाचं बांधकाम ११२७ सालचं, शिलाहारांच्या दरबारातला मंत्री लक्ष्मण प्रभू याने केलेलं, असं मानतात. मूळ देऊळ टेकडीच्या टोकाला होतं, ते पोर्तुगिजांनी पाडलं. आजचं देऊळ १७१५ सालचं. ते बांधणारा रामा कामत हा मुंबईचा मोठा सारस्वत व्यापारी, इंग्रजांच्या कंपनीचा विश्वासातला माणूस. पाचच वर्षांनी, १७२० मध्ये, त्याच इंग्रजांनी त्याच्यावर कान्होजी आंग्र्यांना आतून सामील असल्याचा आरोप ठेवला, त्याची मालमत्ता जप्त केली आणि त्याला तुरुंगात टाकलं. तो पुन्हा सुटला नाही. ज्या पत्रांवर हा खटला उभा होता ती बनावट होती, हे नंतर उघड झालं. मी देवळाच्या पायरीवर टेकलो तेव्हा हा माणूस डोक्यातून जाईना. किल्ल्यातल्या कोठडीत त्याला आपण बांधलेल्या देवळाची घंटा आठवत असेल का? आजही तलाव आणि देऊळ सांभाळणारा ट्रस्ट गौड सारस्वतांचाच आहे. काठावर कवळे मठ आहे, काशी मठ आहे, पलीकडे गोसाव्यांच्या आखाड्यातल्या समाध्या आहेत. एकाने बांधलं आणि तीनशे वर्षं कुणी ना कुणी राखलं.

राखण्यावरून आमचे तलाव आठवले. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले. तलाव बांधील त्याला जमीन, असा तेव्हाचा रिवाज होता. एकाचा सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, असे उताराने माळेसारखे ओवलेले. पाळीची माती वाहून गेली की गाव श्रमदानाला यायचं, कारण पाणी गावाचं होतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवर माती टाकायला कुणी जायचं, हे ठरायचं राहून गेलं. गाळ साठत गेला. काठ बेशरमाच्या झुडपांनी वेढले. आमच्या शेताच्या वर एक बोडी, म्हणजे लहान तलाव, होती. तिच्या तुडुमाचं बूच काढायला बाप पाण्यात उतरायचा, मी पाळीवर त्याचे कपडे धरून उभा असायचो. ती बोडी रस्त्याला लागून होती. घरं पाडल्याचा मलबा आधी काठावर पडला, मग आत. आज तिथे पत्र्याची दुकानं आहेत. ज्या वर्षी पहिली ट्रॉली रिकामी झाली, त्या वर्षी मी गप्प बसलो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

आम्ही गेलो ते दिवस पितृपक्षाचे. पायऱ्यांवर जागोजागी माणसं बसलेली, समोर गुरुजी, पळीपंचपात्र, दर्भ, तीळ. एक तरुण पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून बापाचं तर्पण करत होता, आणि मंत्र म्हणताना त्याचा आवाज फुटत होता. मीही बापाच्या नावाने ओंजळभर पाणी सोडलं. पण पाण्याकडे पाहिलं आणि जीव कासावीस झाला. पिंड, पीठ, फुलं, तूप, सगळं त्याच पाण्यात जात होतं. या दिवसांत बाणगंगेत मासे मरून वर येतात, अशी बातमी बहुतेक वर्षी छापून येते. पीठ कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, मासे गुदमरतात. आमच्याकडच्या मासे धरणाऱ्या कुठल्याही ढिवराने हे न शिकता सांगितलं असतं. पितरांना पाणी द्यायला आलेली माणसं खरोखर श्रद्धेने आलेली होती, मला त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण पिंड उचलून बाजूच्या कुंडीत ठेवला तर पितर कशाला रुसतील?

त्याच पायऱ्यांवर २०२४ च्या जूनमध्ये डागडुजीच्या कामासाठी अवजड खोदयंत्र उतरवलं गेलं आणि जुने दगड फुटले. गाळ काढायचा तर तो हातांनी काढायला हवा होता. लोक ओरडले, पोलिसांत तक्रार गेली. लोक ओरडले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या बोडीसाठी कुणी ओरडलं नव्हतं.

मुंबईनेही आपले कित्येक तरे बुजवले आहेत. पुतणीला ही नावं रोजची, तिने ती बसच्या पाट्या वाचाव्यात तशी सांगितली: धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी, बाबुला टँक. "काकाजी, एकातही पाणी नाही." विहारचं पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आलं, तानसाचं १८९२ मध्ये, आणि तलावांची गरज संपली असं वाटू लागलं. मग हिवतापाच्या भीतीने विहिरी आणि तलाव झाकले, बुजवले. ती भीती खोटी नव्हती, माणसं मरत होती. गोवालिया टँक याच टेकडीच्या पायथ्याशी. गवळी तिथे गुरं धूत असत. तलाव बुजून मैदान झालं, आणि ८ ऑगस्ट १९४२ ला त्याच मैदानावर गांधीजींनी 'करेंगे या मरेंगे' म्हटलं. इतिहासाला ती जागा त्या एका रात्रीमुळे माहीत आहे. मी मात्र तिथे उभा राहून गुरांच्या पाठीवर पाणी मारणाऱ्या हातांचाच विचार करत होतो.

उतरत्या उन्हात आम्ही टेकडीच्या माथ्यावर गेलो, हँगिंग गार्डनला. झाडांना जनावरांचे आकार दिलेले, पोरांची गर्दी. पुतणी म्हणाली, "आपण पाण्यावर उभे आहोत." बागेच्या खाली इंग्रजी अमदानीत बांधलेला जलाशय आहे, दक्षिण मुंबईचं पाणी इथून सुटतं. उंचावर साठवायचं आणि उताराने सोडायचं, ही आमच्या तुडुमाचीच रीत. फक्त इथे पाणी येतं ते जवळपास शंभर किलोमीटरवरून, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या धरणांतून. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहतात. धरणाच्या भिंतीखाली राहून हंडा घेऊन उभं राहणं, याला काय म्हणावं, मला शब्द सापडत नाही.

खरं तर मला आशा वाटावी अशी एक गोष्ट आमच्याच भागात घडते आहे. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर समाजातल्या बायका तलावात उतरल्या, बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली, गाळात देशी पाणवनस्पती लावल्या. कुठलं रोप कुठल्या माशाला आसरा देतं, हे त्यांना आजी-आजोबांपासून ठाऊक होतं. काही वर्षांत दिसेनासे झालेले देशी मासे परत आले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने त्यांना साथ दिली. बाणगंगेच्या पायरीवर बसून मी पुतणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "हे मला का माहीत नाही?"

निघण्यापूर्वी तिने मला पुन्हा खाली नेलं, तलावाच्या मागच्या गल्लीतून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, खडकांवर. लाटा आपटत होत्या. मी समुद्रात पाय बुडवले, पाणी चिकट लागलं. मग परत येऊन बाणगंगेच्या शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसलो. थंडगार. घरच्यासारखं.

मोहाडीला आलो त्या संध्याकाळी मोठीमायकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. शहापूरचं सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती मान हलवत राहिली. मग बाणगंगेचं सांगितलं. समुद्राला खेटून गोड्या पाण्याचा तरा आहे, आठ-नऊशे वर्षांचा, पोरं त्यात सूर मारतात. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"रोडाले लागून हाये का?"

"हो, जवळच आहे."

"अन् आजूक बुजवला नाई?"

"नाही."

"कोन राखते?" तिने विचारलं, आणि मी रामा कामतापासून सांगायला बसलो.