‘ओळखीचा’ कोण?

२०२० च्या टाळेबंदीत शाळांचे वर्ग मोबाइलवर भरू लागले आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती व्हॉट्सअ‍ॅप आले. पुढे शाळा उघडल्या. फोन मात्र अनेक घरांत मुलांच्याच हाती राहिला. गृहपाठाचा ग्रुप, शिकवणीचा ग्रुप, क्रिकेटचा ग्रुप. अशा ग्रुपमधील प्रत्येकाला मुलाचा क्रमांक दिसतो, हे किती पालकांच्या ध्यानात येते?

येथील संदेश वाटेत कोणालाही वाचता येत नाहीत, असा निर्वाळा कंपनी देते. २०१६ पासून ती व्यवस्था आहे आणि ती उपयुक्तही आहे. परंतु पत्र लिहिणाराच कपटी असेल, तर मोहोरबंद लिफाफ्याचा काय उपयोग? तेथे कामास येतात त्या ‘प्रायव्हसी’ या सदरातील साध्या सोयी. छायाचित्र व ‘लास्ट सीन’ केवळ ओळखीच्या क्रमांकांना दिसावे, एवढे बदलण्यास दोन मिनिटे पुरतात. ग्रुपमध्ये कोणी ओढावे, यावर मर्यादा घालण्याची सोय २०१९ मध्ये आली; अनोळखी कॉलची घंटा बंद ठेवण्याची २०२३ मध्ये. ग्रुपबाबत मूळची निवड मात्र ‘सर्वजण’ हीच असते. ज्याला बंधन हवे, त्यानेच ते शोधून काढावे, असा हा उफराटा न्याय आहे.

आणि ‘ओळखीचा’ म्हणजे तरी कोण? यंत्राच्या लेखी फोनमध्ये ज्याचा क्रमांक साठवला, तो ओळखीचा. ऑनलाइन खेळात भेटलेल्या ‘दादा’चा क्रमांक मुलाने साठवला, की सारी दारे त्याला खुली. म्हणून सेटिंग्ज एकदा बदलून निश्चिंत होणे व्यर्थ. महिन्या-दोन महिन्यांनी मुलाला शेजारी बसवून ती यादी वाचली पाहिजे. चोरून नव्हे, त्याच्यासमोर. शिवाय शाळेच्या गणवेशातील, बिल्ल्यावर शाळेचे नाव दिसणारे मुलाचे छायाचित्र ‘स्टेटस’वर पालकच ठेवतात आणि ते दलालापासून दुरुस्तीवाल्यापर्यंत सर्वांना दिसते, त्याचे काय?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती त्यात सांगितली आहे. नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांना तयारीसाठी मुदतही मिळाली. मुले तोवर मोठी होतच असतात.

विपरीत काही घडलेच, तर घाबरलेले मूल प्रथम संभाषण पुसून टाकते. पुरावा तेथेच असतो. रागावणे नंतर होईल. आधी फोन आहे तसा राहू द्यावा आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.