शिक्षा आईची, भोग लेकराला का?

लेक माहेरी आली की गावाला लगेच कळते. एसटीतून उतरते न उतरते तोच चार जणी विचारतात, "कवा आलीस गं? किती दिस ऱ्हाणार?" तुरुंगातून सुटलेली लेक मात्र बहुधा शेवटच्या गाडीने येते, अंधार पडल्यावर, तोंडावर पदर ओढून. तिला कुणी काही विचारत नाही. सकाळी पारावर आपसात बोलणे सुरू होते. तिच्या कडेवर मूल असले तर त्याला त्या दिवसापासून नवे नाव मिळते, "जेलवालीचं पोर". आज बोलायचे आहे ते या पोराबद्दल.

२०१९ साली मुंबईचे एक जोडपे कतारला फिरायला गेले. जाताना नात्यातल्याच बाईने एक पुडके सोबत दिले. दोहाच्या विमानतळावर त्यात चरस निघाला आणि दोघांनाही दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती. २०२० मध्ये तिची मुलगी तुरुंगातच जन्मली. पुढे आपल्याकडच्या अंमली पदार्थविरोधी खात्याच्या तपासात या दोघांना फसवल्याचे उघड झाले. २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि वर्षाची ती पोर त्या एप्रिलात मायदेशी आली.

त्यांच्या मागे घरचे लोक ठाम उभे होते. वकील, वकिलात, दिल्लीची कचेरी, सगळीकडे धावाधाव झाली. आता हेच संकट परंड्याच्या नाहीतर उमरग्याच्या एखाद्या बाईवर आले असते तर? कुणाचे दार वाजवायचे, हेच घरच्यांना कळले नसते. म्हणून काही गोष्टी सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना ठाऊक असायलाच हव्यात.

पहिली गोष्ट जाण्याआधीची. दहावी न झालेल्या माणसाला आखातासह ठरावीक १८ देशांत कामाला जायचे तर सरकारची परवानगी लागते. घरकामाला जाणारी बाई ३० वर्षांखालची असेल तर ती परवानगी मिळत नाही. एजंट मग "फिरायच्या व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बघू" म्हणतो. त्या व्हिसावर काम करणे हाच तिथे गुन्हा होतो. आणि दुसऱ्याने बांधून दिलेले पुडके, मग ते लोणच्याचे का असेना, उघडून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकायचे नाही. सख्ख्या मावशीने दिले तरी नाही.

दुसरी गोष्ट, अटक झाल्यावरची. भारतीय वकिलातीकडे गरजू भारतीयांसाठी २००९ पासून एक कल्याण निधी आहे. त्यातून वकिलाचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च होऊ शकतो. शिक्षा लागली असेल तर कैदी हस्तांतरणाचा २००३ चा कायदा आहे. ज्या देशाशी आपला तसा करार आहे, तिथली उरलेली शिक्षा आपल्या देशातल्या तुरुंगात भोगता येते. त्यासाठी कैद्याने स्वतः अर्ज करावा लागतो आणि दोन्ही सरकारांची संमती लागते. इथल्या तुरुंगात आईजवळ मूल सहा वर्षांचे होईपर्यंत राहू शकते. त्या मुलाला कैदी समजायचे नाही आणि त्याच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बजावले आहे.

न्यायालयाने दाखल्यावरचा डाग पुसला. गावाच्या तोंडातला कोण पुसणार?

तिसरी गोष्ट परतल्यावरची, आणि ती सर्वस्वी आपल्या हातातली आहे. मूल परदेशात जन्मले असेल तर त्याची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत व्हावी लागते. ती राहून गेली आणि आईबाप कायमचे परतले, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे नोंद करता येते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याचे २० वे कलम ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, एकदा काढून वाचावे. ६० दिवस उलटले तर उशिराच्या नोंदीची लांबची वाट धरावी लागते. या साठ दिवसांत ती बिचारी लाजेपायी उंबरठा ओलांडत नाही आणि आपणही तिच्या दारात जात नाही. मुदत निघून जाते.

शाळेचेही तसेच. दाखला नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, वर्षाच्या मध्ये आले तरी. घरावर संकट कोसळलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत २०२३ पासून महिना २२५० रुपये ठरले आहेत. त्याचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत करायचा. रेशनकार्डावरून नाव कमी झाले असेल तर तहसिलात अर्ज देऊन ते पुन्हा चढवून घ्यायचे. आणि शिक्षा झाली म्हणून सातबाऱ्यावरचे बाईचे नाव आपोआप उडत नाही. ती आत असताना वाटण्या उरकून घेणाऱ्या भावांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

कुणी म्हणेल, ती मुंबईची बाई निर्दोष होती, तिची गोष्ट वेगळी. जिने खरेच गुन्हा केला, तिचे लाड कशाला? लाड करा असे आम्हीही म्हणत नाही. गुन्हा केला, न्यायाधीशाने शिक्षा मोजून दिली, तिने ती भोगली. हिशेब मिटला. सावकारसुद्धा कर्ज फिटल्यावर कागद फाडतो. गाव मात्र वसुली चालूच ठेवते, तीही पोराकडून.

हे काम आपल्या जिल्ह्याला जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. तुळजापूर तालुक्यातले यमगरवाडी आठवा. पारध्यांसारख्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो कायदा १९५२ साली गेला, पण चोरी कुठेही झाली तरी पोलीस पालावरच जायचे. बाप आत, कधी आईही आत, आणि पोरे उघड्यावर. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या मुलांसाठी यमगरवाडीत वसतिगृह आणि शाळा उभी केली. प्रभुण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आईबापांवर शिक्का बसला तरी लेकरू शिकू शकते, हे याच जिल्ह्याच्या मातीत दिसून आले आहे.

आणि ऊसतोडीचे काय? दिवाळीच्या आगेमागे जोड्या कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मागे राहिलेली लेकरे आजी सांभाळते, शेजारीण भाकरी टाकते, गुरुजी हंगामी वसतिगृह चालवतात. चार-सहा महिने आईविना लेकरू सांभाळायची रीत आपल्या घराघरात आहे. त्या लेकराला कुणी नावे ठेवत नाही. मग याच लेकराला का ठेवायची?

गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली बालसंरक्षण समिती असते. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते, हे सांगायला नको. अशी बाई गावात आली की आठ दिवसांत समितीने तिच्या घरी जावे. जाताना अंगणवाडीताईंना न्यावे, चारचौघांत पंचनामा करू नये. जन्मनोंद, शाळा, रेशन आणि बालसंगोपन, ही चार कामे एका कागदावर लिहून घ्यावीत आणि महिन्याभरात निकाली काढावीत. नंतर बचत गटाच्या बायकांनी तिला गटात घ्यावे. हप्ता बुडेल ही भीती रास्त आहे, तर पहिले सहा महिने नुसती बचत करू द्यावी, कर्ज मागाहून.

याला वेगळा निधी लागत नाही की मंत्र्याचे पत्र लागत नाही. लागते ते एवढेच, की कुणीतरी पुढे होऊन तिच्या दारात उभे राहावे आणि म्हणावे, "बाई, लेकराचे कागद काढ, उद्या पंचायतीत जाऊ." गावकऱ्यांनो, हे म्हणणारा पहिला माणूस सरपंच असला तर बाकीची तोंडे आपोआप बंद होतील.