समुद्रावर परवाना कुणाचा चालणार?

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात वसलेल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. साहजिकच नौदल, सामुद्रधुन्या आणि तेलवाहू जहाजे हे दिल्ली-मुंबईतील विद्वानांचे विषय. शहादा-तळोद्याच्या शेतकऱ्याचा त्यांच्याशी संबंध काय, असे सहज म्हटले जाते. या समजुतीइतकी घातक समजूत दुसरी नाही.

उज्ज्वला योजनेचा सिलिंडर आज सातपुड्यातील पाड्यांवर पोहोचला आहे. परंतु देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून येतो. खनिज तेलाचे परावलंबन तर ८५ टक्क्यांच्या पुढे गेले आहे. ट्रॅक्टरचे डिझेल आणि ज्या वायूपासून युरिया बनतो तो वायू, यांचीही कथा निराळी नाही. चूल पेटते सातपुड्यात. तिची किल्ली मात्र होर्मुझच्या सामुद्रधुनीत आहे.

हे नाते नवे नाही. मोगल काळात बुऱ्हाणपूर-सुरत हा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जात असे. १६६६ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली, ती उगीच नव्हे. खानदेशचे कापड सुरतेहून इराण-अरबस्तानात जाई. पण जमिनीवर अजिंक्य म्हणवणारी मोगल सत्ता समुद्रावर लाचार होती. तिच्या जहाजांना पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. १६९५ मध्ये औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज इंग्रज चाच्यांनी लुटले, तेव्हा आलमगीर सुरतेच्या वखारवाल्यांना कैद करण्यापलीकडे काही करू शकला नाही.

शिवछत्रपतींनी हे मर्म ओळखले. १६६४ मध्ये त्यांनी सिंधुदुर्गाची उभारणी आरंभली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी परकीयांचे परवाने झुगारून स्वतःची दस्तके चालवली आणि १७२१ मध्ये कुलाब्यावर आलेले इंग्रज-पोर्तुगीजांचे संयुक्त आक्रमण परतवले. मात्र १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांचीच मदत घेतली आणि विजयदुर्गाच्या खाडीत मराठ्यांचे आरमार जळाले. गृहकलहाची एवढी मोठी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल!

कार्ताझ इतिहासजमा झाला, असे कुणी समजू नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने इराणचे तेल घेण्यासाठी भारताला सहा महिन्यांची सवलत दिली. मे २०१९ मध्ये ती काढून घेतली आणि भारताची खरेदी थांबली. हा नवा कार्ताझ नव्हे तर काय? इकडे २०१७ मध्ये चीनने जिबुतीत लष्करी तळ उघडला आणि श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर चिनी कंपनीकडे ९९ वर्षांसाठी गेले. जून २०२५ मध्ये इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करण्यास अनुकूलता दर्शवली. तिन्ही घटनांचा अर्थ एकच. सागरी वाटांच्या किल्ल्या इतरांच्या हाती जात आहेत.

भारताने सामर्थ्य दाखवले नाही असे नाही. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाजावरील ३५ चाच्यांना शरण आणले आणि १७ खलाशांची सुटका केली. पण शौर्याला साठ्याची जोड हवी. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत सामरिक साठ्याची क्षमता ५३ लाख टनांची, म्हणजे जेमतेम नऊ-दहा दिवसांची आहे.

गरीब देशाला युद्धनौका कशाला, असा सवाल करणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की सागरी वाट अडली, तर पहिला फटका धडगावच्या गरिबालाच बसतो. श्रीमंताचे दिवाणखाने उजळलेलेच राहतील; पाड्यावरच्या माउलीला पुन्हा सरपणाची मोळी उचलावी लागेल. भरलेले साठे, भारतीय ध्वजाची तेलवाहू जहाजे आणि त्यांचे रक्षण करणारे नौदल ही चैन नव्हे, सामान्यांच्या चुलीचे संरक्षण आहे. ज्याचे आरमार, त्याचाच परवाना. हा धडा विसरण्याची चैन या राष्ट्राला दुसऱ्यांदा परवडणार नाही.